जपानी मोटार आणि युरोपची मोटार : भरंवसा कशावर ठेवावा?

गेल्या वर्षीं भौतिकशास्त्राच्या तासाला इंजिनांतील दट्ट्याचें काम समजावून देत असतां एका विद्यार्थ्यानें मध्येंच उभें राहून विचारलें, "गुरुजी, जपानी मोटार अधिक भरंवशाची कीं युरोपची?" वर्गांत हंशा पिकला. परंतु विचारणारा मुलगा हंसत नव्हता. त्याचे वडील देवणीहून उदगीर व लातूरला भाड्याची गाडी चालवितात. जुनी गाडी थकली होती, आणि कर्ज काढून नवी घ्यावयाची ती कोणती, यावर घरांत महिनाभर खल चालला होता. आम्हांला जो प्रश्न करमणुकीचा वाटला तो त्या घरच्या चुलीचा होता. तासाच्या उरलेल्या पंधरा मिनिटांत मीं दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें, म्हणून तें येथें विस्तारानें लिहीत आहें. पालकांनींहि तें वाचावें अशी विनंति आहे.

देवणीच्या मुलांस हा विषय शिकविणें एका परीनें सोपें आहे. आपल्या गांवाचें नांव ज्या गोवंशामुळें दूरवर गेलें त्याची पारख आपल्यांतील वृद्ध माणसांस उपजत असते. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीचे प्रकार रंगावरून ओळखतात खरे. परंतु बाजारांत बैल घेणारा शेतकरी रंगावर भुलत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, जनावर औताला जुंपून शेतांत दोन फेऱ्या मारून पाहतो, आणि मग विकणाऱ्याला हळूच विचारतो, "याला खाऊं काय घालीत होतां?" जात, वय, काम आणि निगा या चारहि गोष्टींची चौकशी झाल्यावांचून तो पैसे मोजत नाहीं. हाच शेतकरी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे मात्र "जपानी आहे ना, मग झालें" एवढ्यावर कां थांबतो, हें कोडें मला उलगडलेलें नाहीं. जपानी किंवा युरोपची हें जातीचें नांव झालें. बाकीचे तीन प्रश्न तसेच राहिले.

विश्वसनीयता या शब्दाचा शास्त्रांतील अर्थ नेमका आहे. नेमून दिलेलें काम, नेमलेल्या परिस्थितींत, नेमलेल्या मुदतीपर्यंत, न अडतां पार पडण्याची शक्यता किती, तिला विश्वसनीयता म्हणतात. नुसतें "गाडी चांगली आहे" असें म्हणतांना काम, परिस्थिति व मुदत या तिन्ही गोष्टी गाळलेल्या असतात. वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला आपल्या शाळेंतील मुलांना पाठ आहे. उन्हाळ्यांत तें घर खडकावरच्या घराइतकेंच धड दिसत असलें पाहिजे. पूर येईपर्यंत दोहोंतील फरक कळण्यास मार्गच नव्हता.

आतां थोडें गणित करूं. समजा, एका यंत्रांत शंभर भाग आहेत, आणि त्यांपैकीं एक जरी बिघडला तरी यंत्र थांबतें. प्रत्येक भाग वर्षभर न बिघडण्याची शक्यता शंभरांत नव्याण्णव आहे, व एकाचा बिघाड दुसऱ्यावर अवलंबून नाहीं, असें धरा. भाग इतके उत्तम असतां यंत्रहि उत्तमच असणार, असें वाटतें. परंतु ०.९९ हा आंकडा शंभर वेळां गुणला असतां उत्तर सुमारें ०.३६६ येतें, म्हणजे अशा शंभर यंत्रांपैकीं सुमारें सदतीसच वर्षभर न थांबतां चालतील. आतां प्रत्येक भाग हजारांत नऊशें नव्याण्णव इतका बरा करा. उत्तर ०.९०५ येतें, शंभरांपैकीं नव्वद यंत्रें चालत राहतात. भागांतील सुधारणा शेंकडा एकाहूनहि कमी, आणि यंत्रांच्या संख्येंत मात्र ३७ वरून ९० अशी उडी! वरच्या वर्गांतील मुलांनीं लॉगॅरिथमच्या कोष्टकावरून हें स्वतः ताडून पाहावें. ज्याला हा गुणाकार समजला त्याला मोटारीच्या कारखान्यांचा निम्मा इतिहास समजला, असें मी मानतों. कारण एखादा क्षुद्र स्क्रू, रबराची नळी किंवा विजेच्या तारेचा सांधा जपणारा कारखानदार कां पुढें गेला, याचें उत्तर त्यांत आहे. शिवाय भाग वाढवीत गेलें कीं अडण्याच्या जागाहि वाढतात, हेंहि त्यांतच आहे.

मराठी मुलखांत जपानी व युरोपच्या गाडीची खरी कसोटी कोठें लागली असेल तर ती मुंबईच्या रस्त्यांवर. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलींतील फियाट कंपनीच्या परवान्यानें १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊं लागली. तीच पुढें किरकोळ फेरफार होऊन १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नांवानें विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें साधें इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गिअर, जाड पत्रा आणि वर सामानाचें कॅरिअर, असा तिचा थाट होता. काळ्यापिवळ्या रंगांत ती मुंबईची ओळखच बनली. २००१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. त्या दिवशीं मुंबईच्या लोकांनीं, जसा जुन्या शेजाऱ्याला द्यावा तसा, तिला निरोप दिला.

दुसरीकडे १९८१ मध्यें मारुति उद्योग ही सरकारी कंपनी निघाली. १९८२ च्या ऑक्टोबरांत तिचा जपानच्या सुझुकीशीं करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुति ८०० तिच्या मालकाच्या हातीं पडली. इंजिन तीन नळकांड्यांचें, अवघें ७९६ घनसेंटिमीटरचें. पत्रा पातळ म्हणून जुन्या लोकांनीं नाकें मुरडलीं. परंतु सकाळीं किल्ली फिरवितांच ती सुरू होई. खंडाळ्याच्या घाटांत झांकण उघडून वाफ काढीत उभ्या राहिलेल्या गाड्यांचें दृश्य ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनाच या साध्या गोष्टीचें मोल कळेल. ३० वर्षांनीं, २०१४ च्या आरंभीं, तिचें उत्पादन बंद झालें तोंवर लक्षावधि मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिली मोटार ठरली होती. पुढें टॅक्सीच्या धंद्यांतहि पद्मिनीची जागा कोरियाच्या सँट्रोनें व सुझुकीच्या वॅगन आरनें घेतली.

मग निकाल जपानच्या बाजूनें लागला, असें म्हणावें काय? बाजारांत तसा तो लागला. परंतु न्यायाच्या दृष्टीनें हा खटला फार सदोष होता. एका बाजूला १९५०-६० च्या दरम्यानची इटालियन बांधणी, जिच्यांत स्पर्धेच्या अभावीं दोन पिढ्या मोठी सुधारणा झाली नाहीं. आणि दुसऱ्या बाजूला १९८० नंतरची जपानी बांधणी. आजोबांची व नातवाची धांवण्याची शर्यत लावून आपण नातवाच्या घराण्याला शाबासकी दिली! ही तुलना खंडांची नव्हती, काळांची होती. इटलींत त्या मधल्या काळांत फियाट कंपनी पुष्कळ पुढें गेली होती. कुर्ल्याला मात्र तें वारें फारसें लागलें नाहीं.

आणखी एक गोष्ट पद्मिनीच्या बाजूनें सांगितली पाहिजे. ती वरचेवर अडे, पण अडून राहत नसे. पाना, पक्कड आणि तारेचा तुकडा एवढ्यावर रस्त्याकडेचा मिस्त्री तिला तासाभरांत चालती करी. तिचे भाग कुर्ल्यापासून तालुक्याच्या गांवापर्यंत मिळत. ज्याचें पोट गाडीवर आहे त्याला, गाडी किती वेळां अडली याहून किती दिवस उभी राहिली, हा प्रश्न मोठा असतो. समजा, एक गाडी वर्षांतून बारा वेळां अडते, परंतु दर वेळीं अर्ध्या दिवसांत नीट होते. तिचे सहा दिवस बुडाले. दुसरी वर्षांत दोनदांच अडते, परंतु तिचा भाग पुण्याहून मागवावा लागून दर वेळीं आठ दिवस जातात. तिचे सोळा दिवस बुडाले. पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणें दुसरी गाडी अधिक विश्वसनीय. पण देवणीच्या भाडेकरी चालकाला पहिली परवडेल. माझ्या मेव्हण्यानें युरोपच्या एका कंपनीची जुनी गाडी स्वस्तांत मिळाली म्हणून हौसेनें घेतली होती. चालावयास ती राजेशाही होती. एके दिवशीं तिचा हातांत मावेल एवढा एक विजेचा भाग गेला, आणि तो येईपर्यंत तीन आठवडे ती अंगणांत झांकून ठेवावी लागली. घरांतील मुलांनीं तिच्या सावलींत गोट्यांचा डाव मांडला. तेव्हांपासून युरोपच्या गाड्यांविषयीं माझ्या मनांत थोडी अढी आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवून माझें पुढील विवेचन वाचावें.

जपानी लोकांच्या अंगीं ही नेटकी कारागिरी जन्मजातच असते, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. १९५७-५८ च्या सुमारास टोयोटा कंपनीनें आपली टोयोपेट क्राउन ही गाडी अमेरिकेंत विकावयास नेली. जपानच्या अरुंद रस्त्यांसाठीं केलेली ती जड गाडी अमेरिकेच्या लांबच लांब हमरस्त्यांवर वेगानें धांवूं लागतांच तापे व थरथरे. थोड्याच वर्षांत कंपनीला ती तेथून मागें घ्यावी लागली. नामुष्कीचाच प्रसंग तो. परंतु त्यांतून त्यांनीं जें शिकावयाचें तें शिकून घेतलें.

टोयोटाच्या या शिक्षणाचें मूळ मोटारींत नसून विणकामांत आहे, हें सांगितलें तर मुलांस नवल वाटेल. साकिची टोयोडा या सुताराच्या मुलानें आपोआप चालणारा माग सिद्ध केला होता. त्याचें पूर्ण रूप १९२४ सालीं बाहेर पडलें. या मागाची खुबी अशी कीं धागा तुटला तर माग स्वतःहून थांबे. न थांबतां विणीत राहिला तर वारच्या वार कापड वायां जाणार, आणि चूक कोठें झाली तें मागाहून सांपडणार नाहीं. त्याच्या मुलानें, किइचिरोनें, १९३७ मध्यें मोटार कंपनी स्थापन केली, आणि तुटलेल्या धाग्याचा हाच नियम पुढें मोटारीच्या कारखान्यांत आला. जोडणीच्या रांगेंत उभ्या असलेल्या साध्या कामगाराला दोष दिसला तर त्यानें दोरी ओढावी, वरिष्ठांस बोलवावें, आणि दोष जागच्या जागीं दूर होत नसेल तर रांगच थांबवावी. कामगारानें कारखाना थांबविणें हें अन्यत्र उद्धटपणाचें लक्षण ठरलें असतें. तेथें तें कर्तव्य ठरलें. वर जो गुणाकार आपण केला त्यांतील ०.९९ चे ०.९९९ होतात ते असे, एकेक दोरी ओढून.

याला संख्याशास्त्राची जोड मिळाली ती अमेरिकन मनुष्याकडून. डेमिंग यांनीं १९५० सालीं जपानांत जाऊन तेथील कारखानदारांना व्याख्यानें दिलीं. दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या नांवाचें पारितोषिकहि तेथें सुरू झालें. डेमिंग यांचे गुरु शेवार्ट. हेच शेवार्ट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्यें, म्हणजे जपानच्याहि आधीं, हिंदुस्थानांत येऊन गेले होते! बीं दोन्ही वावरांत पडलें. एका वावरांत तें तरारून आलें. दुसऱ्यांत काय झालें त्याची कारणें शोधण्याचें काम मी मोठ्या वयाच्या वाचकांवर सोंपवितों.

आतां नांवांचा घोटाळा पाहा. २००७ पासून सुझुकीच्या स्विफ्ट गाडींत जें डिझेल इंजिन येऊं लागलें तें आपल्याकडे फारच लोकप्रिय झालें. भाड्याचे धंदेवाले तर त्याच्या नांवानें शपथ घेत. हें १.३ लिटरचें इंजिन मुळांत फियाटचें, म्हणजे इटलीचें! परवाना घेऊन सुझुकीच्या येथील कंपनीनें तें हरयाणांत तयार केलें. हेंच इंजिन पुण्याजवळ रांजणगांवच्या कारखान्यांतहि होत होतें, आणि तें फियाटच्या पुंटो व टाटांच्या व्हिस्टा या गाड्यांतहि बसत असे. २०२० च्या एप्रिलांत धुराचे नवे नियम आले तेव्हां सुझुकीनें तें बंद केलें. गंमत अशी कीं "स्विफ्ट घ्या, जपानी आहे, बिघडत नाहीं, फियाटच्या वाटेला जाऊं नका" असा सल्ला एकाच दमांत देणारे लोक मला भेटले आहेत. हृदय दोघींचें एकच होतें. फरक होता तो एकीची दुरुस्तीशाळा जिल्ह्याच्या गांवीं होती व दुसरीची नव्हती, यांत.

गाडी कोठें तयार होते, याचाहि भूगोल मुलांनीं एकदां नकाशावर पाहावा. झेक देशाच्या स्कोडा कंपनीची गाडी २००१ पासून आपल्या मराठवाड्यांतच, तेव्हांच्या औरंगाबादेजवळ शेंद्रा येथें जुळविली जाऊं लागली. जर्मन फोल्क्सवागनचा चाकणचा कारखाना २००९ चा. जपानी टोयोटाची इनोव्हा, जी पुढाऱ्यांच्या ताफ्यांत आपण २००५ पासून पाहत आलों, ती बंगळूरजवळ बिडदीला होते, आणि त्या कंपनींत भागीदार किर्लोस्करांचें मराठी घराणें आहे. २०२४ च्या जुलईंत याच टोयोटा-किर्लोस्करनें छत्रपति संभाजीनगर येथें कारखाना काढण्याचा करार महाराष्ट्र सरकारशीं केला. तेव्हां "युरोपची" व "जपानी" या दोन्ही गाड्यांचे बोल्ट आवळणारे हात उद्यां मराठवाड्याचेच असतील. कदाचित् आज हा लेख वाचणाऱ्या मुलाचे असतील.

मग निःपक्षपाती मोजणी कोणी केलीच नाहीं काय? केली आहे. अमेरिकेंत तीन वर्षें वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागें किती तक्रारी आल्या, हें दरवर्षीं प्रसिद्ध होतें. तेथील ग्राहकांची एक संस्थाहि आपल्या सभासदांकडून अशी माहिती गोळा करते. जर्मनींत एडीएसी ही मोटारमालकांची संस्था, रस्त्यांत बंद पडलेल्या ज्या गाड्यांच्या मदतीला तिचीं माणसें जातात, त्यांचा हिशेब १९७८ पासून ठेवीत आली आहे. अमेरिकेंतील मोजण्यांत टोयोटा व तिचीच भारी जातीची लेक्सस हीं नांवें वर्षानुवर्षें वरच्या ओळींत दिसतात, आणि युरोपच्या पुष्कळ गाड्या बऱ्याच खालीं. हा पुरावा जपानच्या बाजूचा आहे आणि तो प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे.

तथापि तो वाचतांना दोन गोष्टी विसरूं नयेत. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या युरोपच्या गाड्या बहुधा भारी किंमतीच्या असतात. त्यांत यांत्रिक व विजेचा संभार पुष्कळ, आणि आपण गुणाकारांत पाहिलेंच आहे कीं संभार वाढला कीं तक्रारी वाढतात. दुसरें असें कीं तक्रारींच्या यादींत टेलिफोन गाडीशीं नीट जुळत नाहीं, हीहि एक तक्रार, आणि इंजिन फुटलें हीहि एकच तक्रार. भर रात्रीं आजारी माणसाला घेऊन लातूरकडे निघालेल्याला या दोन तक्रारींचें वजन सारखें वाटेल काय? जर्मनांची मोजणी, ती रस्त्यांत उभ्या राहिलेल्या गाडीचीच असल्यामुळें, मला या बाबतींत अधिक सरळ वाटते.

जपानचें नांव तेवढें पाहून डोळे मिटणाऱ्यांसाठीं आणखी दोन ओळी. अपघातांत फुगून प्रवाशाला वांचविणारी हवेची पिशवी बनविणारी टकाटा ही कंपनी जपानीच. तिच्या पिशव्या स्फोट होऊन धातूचे तुकडे उडवूं लागल्या, माणसें दगावलीं, कोट्यवधि गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि २०१७ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. २०२३ च्या डिसेंबरांत टोयोटाच्याच घरांतील डायहात्सु कंपनीनें सुरक्षिततेच्या चांचण्यांत वर्षानुवर्षें लबाडी केल्याचें बाहेर आलें. युरोपच्या बाजूला फोल्क्सवागननें डिझेलच्या धुराची तपासणी फसविणारी युक्ति गाड्यांत बसविल्याचें २०१५ सालीं उघडकीस आलें, हें तर सर्वश्रुत आहे.

या सर्वांवरून माझें मत विचाराल तर असें : साधी, मध्यम किंमतीची, रोज राबणारी गाडी हवी असेल तर जपानी पद्धतीच्या कारखान्यांचा हिशेब आजवर अधिक चोख राहिला आहे, आणि आपल्या भागांत त्यांचे भाग व कारागीर अधिक जवळ मिळतात. युरोपची गाडी वेगांत अधिक स्थिर, बैठकीला घट्ट व चालविण्यास सुखाची असते, असा पुष्कळ चालकांचा अनुभव आहे; पण ती वेळच्या वेळीं निगा मागते आणि ती न मिळाल्यास मोठा दंड वसूल करते. मात्र एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत निगेमुळें जो फरक पडतो तो या दोन खंडांतील फरकाहून पुष्कळदां मोठा असतो. आपल्याकडे काळ्या जमिनीची बारीक धूळ हवेच्या गाळणींत बसते; इंजिनाचा श्वास कोंडतो. तेल जळून डांबरासारखें होईपर्यंत कोणी बदलीत नाहीं. कित्येक इंजिनांत झडपा चालविणारा रबरी पट्टा असतो. तो ठराविक किलोमीटरांनंतर न बदलल्यास एक दिवस तुटतो, आणि दट्टे व झडपा एकमेकांवर आदळून सबंध इंजिन निकामी होतें. तो पट्टा टोकियोचा होता कीं ट्यूरिनचा, याला त्या क्षणीं कांहीं अर्थ उरत नाहीं.

त्या मुलाला मीं सांगितलें, "माझें ऐकूं नकोस, मोजून ये." तो व त्याचे वडील दोन रविवार दुपारून उदगीरच्या थांब्यावर गेले व सात चालकांना तीनच प्रश्न विचारून आले : वर्षांत गाडी किती किलोमीटर चालली, किती दिवस उभी राहिली, आणि भाग कोठून आला. सात माणसांवरून सिद्धांत काढतां येत नाहीं, हें मीं त्याला बजावलें. तरी एकाच जातीच्या दोन गाड्यांपैकीं एक वर्षांत तीन दिवस व दुसरी सव्वीस दिवस उभी होती, हें पाहून तो स्वतःच विचारांत पडला. त्यांनीं अखेर कोणती गाडी घेतली तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. तिच्या पुढच्या कप्प्यांत शंभर पानांची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, तेल, गाळणी असे रकाने मुलानें आपल्या हातानें आंखले आहेत. परवां मीं ती चाळून पाहिली. सहा महिन्यांत उभें राहिल्याची एकच नोंद आहे : "रेडिएटरचा पंखा बंद. उदगीर. दोन तास."